एकोणचाळीस अधिक तेरा : अमेरिकन टीव्ही नेटवर्कची जडणघडण

स्थापना आणि संस्थापक

१५ नोव्हेंबर १९२६ च्या रात्री न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात नॅशनल ब्रॉडकास्टिंग कंपनीचा, म्हणजे एनबीसीचा, उद्घाटन सोहळा झाला. गायिका मेरी गार्डन शिकागोहून गायल्या, विनोदवीर विल रॉजर्स कॅन्ससमधल्या इंडिपेन्डन्स गावातून बोलले आणि टेलिफोनच्या तारांनी जोडलेल्या पंचविसेक केंद्रांवर हे सगळे एकाच वेळी ऐकू आले. कंपनीचे मालक तिघे : रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका अर्थात आरसीए ५० टक्के, जनरल इलेक्ट्रिक ३० टक्के आणि वेस्टिंगहाउस २० टक्के. तिघांचा मूळ धंदा यंत्रे विकण्याचा. रेडिओ संच खपायचे तर घरोघरी काहीतरी ऐकण्याजोगे पोहोचले पाहिजे, एवढा साधा हिशेब या स्थापनेमागे होता. न्यूयॉर्कचे डब्ल्यूईएएफ हे केंद्र दहा लाख डॉलर मोजून टेलिफोन कंपनीकडून घेतलेले, आणि केंद्रे जोडणाऱ्या ताराही तिच्याच, भाड्याच्या.

अल्पावधीतच एनबीसीची दोन जाळी झाली, एक लाल आणि एक निळे. १९२८ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका सिगार उत्पादकाच्या मुलाने कर्जात बुडालेले दुसरे एक छोटे नेटवर्क विकत घेतले. वडिलांच्या सिगारची जाहिरात रेडिओवर केल्याने खप कसा वाढतो ते त्याने पाहिले होते. विल्यम पेली त्याचे नाव आणि त्याची संस्था सीबीएस. सत्ताविशीही न गाठलेला हा मालक पुढे अर्धशतकाहून अधिक काळ सीबीएसचा कर्ताकरविता राहिला.

तिसऱ्या संस्थेचा जन्म सरकारी आदेशातून झाला. एकाच मालकाने दोन नेटवर्क चालवू नयेत, असा नियम संघराज्य दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, १९४१ मध्ये केला. एनबीसी न्यायालयात गेली आणि १९४३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरली. निळे जाळे विकावे लागले. ‘लाइफ सेव्हर्स’ या भोकाच्या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीचे एडवर्ड नोबल यांनी ते ८० लाख डॉलरना घेतले. १९४५ पासून तेच एबीसी या नावाने ओळखले जाऊ लागले.

वर्षाची वाटणी

टीव्ही येण्याआधीच या संस्थांनी वर्षाचे चार तुकडे पाडून ठेवले होते. नेटवर्क आपली वेळ जाहिरातदाराला तेरा आठवड्यांच्या कराराने विकत असे. असे चार करार म्हणजे बावन्न आठवडे. शरद ऋतूत सुरू होणारे तीन करार सलग धरले की एकोणचाळीस आठवडे होत आणि उन्हाळ्याचे तेरा उरत. उन्हाळ्यात लोक घराबाहेर असतात, श्रोते घटतात, म्हणून जाहिरातदार हात आखडता घेई. जॅक बेनीसारखे नामांकित कलाकार त्या काळात सुट्टीवर जात आणि त्यांच्या जागी स्वस्तातला बदली कार्यक्रम येई. प्रायोजक तो बदली कार्यक्रमही बहुधा स्वतःच्या खर्चाने चालवी, कारण हातची वेळ सोडली तर ती स्पर्धक पटकावणार ही भीती असे.

कार्यक्रम प्रायोजकाच्या मालकीचा असे. जाहिरात संस्था लेखक नेमी, कलाकारांशी करार करी आणि तयार कार्यक्रम नेटवर्ककडे घेऊन येई. नेटवर्कने वेळ आणि तारा पुरवायच्या. त्यामुळे कथा किती आठवडे चालावी हा प्रश्न लेखकापर्यंत पोहोचतच नसे. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनच्या मालिकांना तेरा-तेरा भागांची मंजुरी मिळे, हे वाचकांना आठवत असेल. वर्षाचा चतुर्थांश हेच माप तिथेही होते.

चित्र दिसू लागले

३० एप्रिल १९३९ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात अध्यक्ष रूझवेल्ट कॅमेऱ्यासमोर आले आणि एनबीसीने नियमित टीव्ही प्रक्षेपणाला आरंभ केला. व्यावसायिक प्रक्षेपणाची परवानगी १ जुलै १९४१ ला अमलात आली. त्याच दिवशी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवरच्या बेसबॉल सामन्याआधी बुलोव्हा घड्याळाची जाहिरात पडद्यावर झळकली. तिचा सगळा खर्च नऊ डॉलर. पाच महिन्यांत अमेरिका युद्धात उतरली आणि काम जवळजवळ थंडावले.

युद्धानंतर केंद्रांसाठी इतके अर्ज आले, की एफसीसीने ३० सप्टेंबर १९४८ रोजी नवे परवाने थांबवले. सहा महिन्यांसाठी म्हणून घातलेली ही बंदी एप्रिल १९५२ पर्यंत लांबली. या काळात सगळ्या देशाचा कारभार १०८ केंद्रांवर चालला. ज्या शहरात एकच केंद्र, तिथे चार नेटवर्कना (चौथे ड्यूमाँट, त्याची ओळख पुढे येईल) एकाच दारात रांग लावावी लागे.

तारांचा प्रश्न वेगळाच होता. टीव्हीचे चित्र साध्या टेलिफोन तारेतून जात नाही. त्याला कोअ‍ॅक्सियल केबल किंवा मायक्रोवेव्हचे मनोरे लागतात. पूर्व किनारा आणि मध्य-पश्चिम प्रांत जानेवारी १९४९ मध्ये जोडले गेले. ४ सप्टेंबर १९५१ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या जपान शांतता परिषदेतले अध्यक्ष ट्रुमन यांचे भाषण दोन्ही किनाऱ्यांवर एकदम दिसले. तोवर लॉस एंजेलिसला न्यूयॉर्कचे कार्यक्रम किनेस्कोपवर पाहावे लागत. पडद्यावर उमटणारे चित्र फिल्मच्या कॅमेऱ्याने टिपायचे, ती फिल्म धुऊन टपालाने पाठवायची, असा तो खटाटोप. येणारे चित्र करडे आणि धूसर असे.

थेट प्रक्षेपणाची वर्षे

सुरुवातीच्या टीव्हीत जे घडे ते त्या क्षणी घडे. चीज विकणाऱ्या क्राफ्ट कंपनीचे ‘क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर’ मे १९४७ मध्ये एनबीसीवर सुरू झाले आणि १९५८ पर्यंत चालले. दर आठवड्याला नवे नाटक, तेही थेट. उन्हाळ्याची सुट्टी इथे नव्हती. चीज तर बाराही महिने विकायचे होते. मधल्या काळात एबीसीवर चाललेली जोडमालिका धरून क्राफ्टने साडेसहाशेच्या आसपास नाटके सादर केली.

एकोणचाळीसचा खरा भार काय असतो ते ‘युवर शो ऑफ शोज’ या विनोदी कार्यक्रमाच्या मंडळींना विचारावे असे होते. फेब्रुवारी १९५० पासून दर शनिवारी रात्री दीड तास, वर्षाला एकोणचाळीस वेळा, सिड सीझर आणि इमोजीन कोका प्रेक्षकांसमोर उभे राहत. चूक झाली तर ती देशभर दिसे. लेखकांच्या खोलीत मेल ब्रुक्स आणि नील सायमन यांच्यासारखी पुढे गाजलेली माणसे एकमेकांवर ओरडत बसलेली असत. सोमवारी कोरा कागद आणि शनिवारी प्रयोग, हे चक्र चार वर्षे फिरले आणि जून १९५४ मध्ये थांबले.

प्रायोजकांची नावे थेट कार्यक्रमाच्या पाटीवरच असत. मिल्टन बर्ल यांचा मंगळवारचा कार्यक्रम ‘टेक्साको स्टार थिएटर’, बातम्यांचा ‘कॅमल न्यूज कॅरव्हॅन’. एकाच वेळेवर एका रविवारी फिल्को कंपनीचे नाटक आणि पुढच्या रविवारी गुडइयर टायरचे, अशी भागीदारीही चाले. हंगाम एकच, पण त्याचा खर्च दोन खिशांतून.

चौथे नेटवर्क

अ‍ॅलन ड्यूमाँट हे मुळात अभियंते. न्यू जर्सीतल्या राहत्या घराच्या तळघरात त्यांनी १९३१ मध्ये कॅथोड रे ट्यूब बनवायला सुरुवात केली. या नळ्या टिकाऊ ठरल्या आणि त्यांतून टीव्ही संचांचा कारखाना उभा राहिला. न्यूयॉर्कच्या केंद्राला त्यांनी स्वतःच्या आद्याक्षरांवरून डब्ल्यूएबीडी हे नाव दिले, तर वॉशिंग्टनच्या केंद्राला सहकारी थॉमस गोल्डस्मिथ यांच्या आद्याक्षरांवरून डब्ल्यूटीटीजी. १९४६ मध्ये ही दोन शहरे केबलने जोडून ड्यूमाँट नेटवर्क सुरू झाले. बाकीच्या तिघांना रेडिओचा आधार होता : तयार कलाकार, जुने प्रायोजक, साठवलेला पैसा. ड्यूमाँटकडे यातले काही नव्हते.

म्हणूनच कदाचित इथे नवे प्रयोग झाले. अमेरिकन टीव्हीवरची पहिली प्रसंगविनोदी मालिका मानली जाणारी ‘मेरी के अँड जॉनी’ १९४७ मध्ये इथे आली. कृष्णवर्णीय पियानोवादक हेझल स्कॉट यांना १९५० मध्ये स्वतःचा नेटवर्क कार्यक्रम मिळाला तो इथेच. कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या आरोपांच्या लाटेत तो काही महिन्यांत बंद पडला. १९५१ मध्ये चिनी वंशाच्या अ‍ॅना मे वाँग इथल्याच मालिकेत नायिका झाल्या. १९५२ मध्ये मंगळवारी रात्री बर्ल यांच्यासमोर कोणी टिकेना, तेव्हा ड्यूमाँटने फुल्टन शीन या बिशपना एक फळा आणि खडू देऊन उभे केले. धर्म आणि जगणे यावरच्या त्या साध्या व्याख्यानांना एमी पुरस्कार मिळाला. १९५४ मधली सेनादल आणि सिनेटर मॅकार्थी यांच्यातली सुनावणी आरंभापासून अखेरपर्यंत थेट दाखवली ती ड्यूमाँट आणि एबीसी या दोन गरीब नेटवर्कनी. दुपारच्या वेळी त्यांच्याकडे विकलेला कार्यक्रमच नव्हता, मग बुडण्याची भीती कशाची?

घात झाला तो भागीदारामुळे आणि नियमांमुळे. पॅरामाउंट या चित्रपट कंपनीने १९३८ मध्ये ड्यूमाँटमध्ये पैसे गुंतवले होते. एका मालकाकडे पाचच केंद्रे असावीत, असा नियम होता. पॅरामाउंटची दोन केंद्रे एफसीसीने ड्यूमाँटच्या खात्यात धरली. उरली तीन. बंदी उठवणाऱ्या १९५२ च्या आदेशाने नवी केंद्रे निघाली, पण बहुतेक शहरांत जुन्या व्हीएचएफ पट्ट्यातली तीन किंवा त्याहून कमीच वाट्याला आली. उरलेल्यांना यूएचएफ पट्टा, आणि तो पकडणारे संच घरोघरी नव्हते. चौथ्या नेटवर्कला बसायला जागाच नव्हती. पिट्सबर्गचे डब्ल्यूडीटीव्ही हे केंद्र ही ड्यूमाँटची दुभती गाय. ते १९५४ च्या अखेरीस ९७ लाख ५० हजार डॉलरना वेस्टिंगहाउसला विकले गेले आणि पुढच्या वर्षी नेटवर्कचा पसारा आवरला. ६ ऑगस्ट १९५६ ची मुष्टियुद्धाची लढत हे शेवटचे प्रक्षेपण.

जॅकी ग्लीसन यांचा बसचालक राल्फ क्रॅमडेन १९५१ मध्ये ड्यूमाँटच्याच मंचावर जन्मला होता. पुढच्याच वर्षी ग्लीसन अधिक पैशांसाठी सीबीएसकडे गेले. १९५५ मध्ये त्यांनी क्रॅमडेनचीच ‘द हनीमूनर्स’ ही मालिका अर्ध्या तासाच्या भागांत चित्रित केली, ती ड्यूमाँटच्या कारखान्यात तयार झालेल्या ‘इलेक्ट्रॉनिकॅम’वर. टीव्हीचे चित्र आणि फिल्म एकाच वेळी टिपणारा हा कॅमेरा. ब्यूइक मोटारीच्या पैशांवर दोन हंगामांचा, म्हणजे अठ्ठ्याहत्तर भागांचा, करार झाला होता. एक हंगाम पुरा झाल्यावर, असा दर्जा पुढे राखता येणार नाही असे सांगून ग्लीसन थांबले. ते एकोणचाळीस भाग अजून दाखवले जातात. ड्यूमाँटचे स्वतःचे बहुतेक कार्यक्रम मात्र नष्ट झाले. त्यांच्या किनेस्कोप फिल्म सत्तरच्या दशकात ट्रकमधून नेऊन न्यूयॉर्कच्या खाडीत टाकल्या गेल्या, अशी साक्ष अभिनेत्री एडी अ‍ॅडम्स यांनी १९९६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या सुनावणीत दिली.

फिल्मवरची लूसी

१९५१ मध्ये फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीला ल्युसील बॉल आणि त्यांचे पती देसी आर्नाझ यांची मालिका न्यूयॉर्कहून थेट हवी होती. जोडप्याला हॉलिवूड सोडायचे नव्हते, आणि पूर्वेकडच्या मोठ्या बाजाराला धूसर किनेस्कोप दाखवायला प्रायोजक तयार नव्हता. तोड निघाली ती फिल्मची. प्रेक्षक समोर बसवून तीन कॅमेऱ्यांनी एकदम चित्रण करायचे, छायाचित्रणाला जर्मन चित्रपटांतले जाणते कार्ल फ्रॉइंड. खर्च वाढला, तेव्हा दोघांनी मानधनात कपात स्वीकारली आणि बदल्यात फिल्मची मालकी मागून घेतली. एकदा दाखवलेला विनोद पुन्हा कोण बघणार, असा तेव्हाचा समज असल्याने ती त्यांना मिळाली.

‘आय लव्ह लूसी’ १५ ऑक्टोबर १९५१ रोजी सुरू झाली. पहिल्या हंगामात पस्तीस भाग, दुसऱ्यात एकतीस. दुसऱ्या हंगामात ल्युसील गरोदर होत्या. १९ जानेवारी १९५३ ला मालिकेतल्या लूसीला मुलगा झाला, त्याच दिवशी प्रत्यक्षातही. तो भाग सुमारे ४ कोटी ४० लाख लोकांनी पाहिला. बाळंतपणाच्या रजेत नवे भाग कमी पडले, तिथे जुनेच, नवी प्रस्तावना जोडून, पुन्हा दाखवले. प्रेक्षक हलले नाहीत. बदली कार्यक्रमाची गरज तिथून ओसरू लागली. उन्हाळ्याचे तेरा आठवडे आता जुन्या फिल्मवर भागवता येणार होते. या फिल्मच्या कमाईवर जोडप्याची देसिलू कंपनी इतकी वाढली, की १९५७ मध्ये तिने आरकेओ हा चित्रपट स्टुडिओच विकत घेतला.

हॉलिवूडशी सोयरीक

एबीसीची स्थिती ड्यूमाँटहून फारशी बरी नव्हती. फेब्रुवारी १९५३ मध्ये लेनर्ड गोल्डन्सन यांच्या चित्रपटगृह कंपनीत ती विलीन झाली आणि हाती पैसा आला. गोल्डन्सन यांनी वॉल्ट डिस्ने यांच्याशी करार केला : एबीसीने कॅलिफोर्नियातल्या नियोजित उद्यानात पाच लाख डॉलर घालायचे, मोठ्या कर्जाला हमी द्यायची आणि डिस्ने यांनी दर आठवड्याला तासाचा कार्यक्रम द्यायचा. ‘डिस्नेलँड’ २७ ऑक्टोबर १९५४ रोजी सुरू झाला. पहिल्या वर्षाचे नवे भाग वीसच. बाकीच्या आठवड्यांत त्यांचीच पुनःप्रक्षेपणे. तरी डेव्ही क्रॉकेटच्या कथांनी मुलांच्या डोक्यावर रॅकूनच्या कातड्याच्या टोप्या चढवल्या.

पाठोपाठ वॉर्नर ब्रदर्स आले. तासाभराच्या वेस्टर्न मालिकेचा भाग आठवड्याच्या आत चित्रित होईना आणि प्रक्षेपण तर दर आठवड्याला. ‘मॅव्हरिक’मध्ये (१९५७) यावर झकास उपाय निघाला : जुगारी नायकाला एक भाऊ दिला. जेम्स गार्नर यांचा एक भाग आणि जॅक केली यांचा दुसरा, दोन चमू शेजारी-शेजारी काम करणार. बार्ट मॅव्हरिक हे पात्र असे दिनदर्शिकेच्या पोटी जन्मले.

प्रायोजक मागे हटले

७ जून १९५५ रोजी, ऐन उन्हाळ्यात, सीबीएसवर ‘द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ ही प्रश्नमंजूषा सुरू झाली आणि तिच्या प्रायोजकाची, रेव्हलॉनची, लिपस्टिक दुकानांतून संपू लागली. मग प्रश्नमंजूषांचे पीक आले. १९५८ मध्ये फुटले, की ‘ट्वेन्टी-वन’सारख्या स्पर्धांत उत्तरे आधीच पुरवली जात. कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन यांनी नोव्हेंबर १९५९ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे कबुली दिली. कार्यक्रम प्रायोजकाच्या हाती सोपवण्याची पद्धत बदनाम झाली आणि नेटवर्कनी सूत्रे आपल्याकडे घेतली. एनबीसीचे पॅट वीव्हर हे आधीपासूनच सांगत होते, की मासिकात जशी पाने विकतात तशी कार्यक्रमातली मिनिटे विकावीत, मजकूर संपादकाचा राहावा. ‘टुडे’ (१९५२) आणि ‘टुनाइट’ (१९५४) त्यांनी त्याच तत्त्वावर उभे केले होते. आता तोच रिवाज झाला.

यामुळे हंगामाचा हिशेबच बदलला. खर्च नेटवर्कच्या अंगावर आला आणि एकदा बनवलेली फिल्म दोनदा दाखवणे सरळ फायद्याचे झाले. कलाकारांनाही हे उमगले होते. १९६० मध्ये पटकथालेखक आणि नट दोघेही संपावर गेले. पुन्हा दाखवल्या जाणाऱ्या कामाचे पैसे हा वादाचा मोठा मुद्दा होता. नटांच्या संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन. लेखक संपावर असताना वॉर्नर ब्रदर्सने जुन्याच पटकथा एका मालिकेतून दुसरीत फिरवल्या आणि लेखक म्हणून ‘डब्ल्यू. हर्मानोस’ असे नाव लावले. हर्मानोस म्हणजे स्पॅनिशमध्ये बंधू.

एकोणचाळीसवरून चोवीसवर

‘लीव्ह इट टू बीव्हर’ १९५७ ते १९६३ या सहा हंगामांत दर हंगामाला नेमके एकोणचाळीस भाग देऊन संपली. ‘पेरी मेसन’चा पहिला हंगामही तासातासाच्या एकोणचाळीस भागांचा. ‘द ट्वायलाइट झोन’च्या दुसऱ्या हंगामात, १९६०-६१ मध्ये, भाग एकोणतीसवर आले आणि त्यांतले सहा खर्च वाचवण्यासाठी फिल्मऐवजी व्हिडिओटेपवर केले गेले. ‘द फ्युजिटिव्ह’ तीसवर चाले. १९६६ मध्ये आलेल्या ‘स्टार ट्रेक’चे तीन हंगाम एकोणतीस, सव्वीस, चोवीस असे उतरत गेले. सव्वीस हा आकडा दुकानदारी हिशेबाने सोयीचा : प्रत्येक भाग दोनदा दाखवला की बावन्न आठवडे पुरे. त्याच सुमारास एबीसीने शरद ऋतूत पडलेले कार्यक्रम काढून जानेवारीत ‘दुसरा हंगाम’ जाहीर केला आणि ‘बॅटमॅन’ आणला. म्हणजे वर्षाचा मुहूर्तही आता एकच उरला नाही.

पुनःप्रक्षेपणांमुळे हॉलिवूडचे काम घटते, अशी ओरड १९७२ मध्ये एवढी वाढली, की अध्यक्ष निक्सन यांनीही नटांच्या संघटनेची बाजू घेतली. त्यांना आळा घालणारा नियम काही झाला नाही. ‘ऑल इन द फॅमिली’ जानेवारी १९७१ मध्ये तेरा भागांनी सुरू झाली आणि पुढल्या हंगामापासून चोवीसवर गेली.

हा सगळा प्रवास एकाच मालिकेत पाहायचा तर ती ‘गनस्मोक’. सीबीएसवर १० सप्टेंबर १९५५ रोजी ती अर्ध्या तासाच्या भागांनी सुरू झाली. पहिल्या पाच हंगामांत दरवर्षी एकोणचाळीस भाग. १९६१ मध्ये ती तासाची झाली आणि संख्या चौतीसवर आली. १९६७ मध्ये ती बंद करायचे ठरले होते, पण पेलींनी स्वतः लक्ष घालून निर्णय फिरवला. त्यापायी ‘गिलिगन्स आयलंड’चा बळी गेला. विसाव्या हंगामात चोवीस भाग झाले. जुन्या चालीने वीस वर्षांचे सातशे ऐंशी व्हायचे ते सहाशे पस्तीस भरले. शेवटचा नवा भाग ३१ मार्च १९७५ च्या सोमवारी दिसला. पुढचे पाच महिने त्याच वेळेला मालिकेचे नायक मार्शल डिलन पुनःप्रक्षेपणांतून डॉज सिटीत वावरत राहिले आणि सप्टेंबरमध्ये सोमवारचा तो तास ‘रोडा’ व ‘फिलिस’ या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन विनोदी मालिकांना वाटून देण्यात आला.